फिनिक्सकडे गोल्फ कोर्स किंवा लेकला लागून घर घेताय?

चँडलर, गिल्बर्टकडे असं घर बघत असाल तर आधी बॅकयार्ड कुठल्या दिशेला आहे ते बघा, पश्चिमेला असेल तर जूनमध्ये ४३-४४ डिग्रीत संध्याकाळी पॅटिओवर बसवत नाही, उत्तरेकडचं मिळालं तर सोडू नका. गोल्फवालं असेल तर टीवरून (पहिला फटका मारतात ती जागा) बघताना फेअरवेच्या (मधल्या हिरवळीच्या पट्ट्याच्या) उजव्या हाताची घरं शक्यतो टाळाच, उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा बॉल स्लाइस होऊन, म्हणजे उजवीकडे वळून, बहुतेक तिकडेच जातो, कौलं, खिडक्यांच्या जाळ्या नीट तपासा, बॉल लागल्याच्या खुणा दिसतात. आणि एचओएचे (वसाहतीतल्या घरमालकांच्या संस्थेचे) कागद अख्खे वाचा हो, तळ्याचा मेंटेनन्स कोणाच्या खिशातून, कोर्स बंद पडला तर त्या जागेचं काय. फिनिक्समधल्या अवातुकी भागातला लेक्स गोल्फ कोर्स २०१३ला बंद झाला आणि आजूबाजूचे घरवाले वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते.