पोलीस भरतीची धाव आणि नडगीचे दुखणे : या चुका टाळा

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर फार नाही, पण दुखापती होतात त्या तयारीच्या काळात. जाहिरात निघाली की आजवर कधी न धावलेली मुलेमुली पहिल्याच आठवड्यापासून रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर धावू लागतात.

महिनाभरात दम वाढतो, पण हाड इतक्या लवकर तयार होत नाही. नवा भार पडला की हाडाची आधी थोडी झीज होते आणि ती भरून यायला काही आठवडे लागतात. तेवढी उसंत मिळाली नाही, तर झीज साठत जाऊन नडगीला बारीक तडा जाऊ शकतो. त्यामुळे केवळ दम लागत नाही म्हणून अंतर वाढवू नये. सुरुवातीला एक दिवस आड, शक्यतो मातीच्या मैदानावर धावावे.

नडगी दुखू लागल्यावर ‘सवयीने जाईल’ असे म्हणत धावत राहणे ही त्याहून मोठी चूक. नडगीच्या आतल्या कडेवरून बोटाने दाबत जावे. दुखरा भाग लांब पट्ट्यासारखा पसरलेला असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणावर ताण आलेला असतो आणि विश्रांतीने तो उतरतो. मात्र बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ उठत असेल किंवा चालताना, रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. गरज पडल्यास डॉक्टर एमआरआय सांगतात.

वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणे मला सर्वांत घातक वाटते, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच त्याने दबते.

याच मैदानी चाचणीत १०० मीटर धावही असते; तिच्या सरावात अंग गरम न करता पूर्ण वेगाने सुटल्यास मांडीमागचा स्नायू फाटू शकतो. आधी दहा मिनिटे हलके धावून मग वेग वाढवावा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट संकोचामुळे राहून जाते. सराव वाढवून जेवण कमी केल्यास पाळी अनियमित होऊ शकते, बंदही पडू शकते, आणि अशा वेळी हाडे कमजोर होऊन तडा जाण्याचा धोका वाढतो. पाळी चुकू लागली, तर सराव कमी करून, पोटभर जेवून वेळीच स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.