ग्रॅनी म्हणजे नुसती आजी नाही बाप्पा! हा शब्द कुठे कसा समजायचा

आमच्याकडचे पोट्टे आता कॉन्व्हेंटात जातात, मोबाईलवर दिवसभर इंग्रजी वाचतात, अन् ग्रॅनी दिसलं की आजी लिहून मोकळे. एकटा शब्द असला तर बरोबरच आहे ते. पण त्याच्यापुढे दुसरा शब्द चिकटून आला ना, की आजी बिचारी बाजूला राहते अन् अर्थ भलतीकडेच जातो, म्हणून पहिले पुढचा शब्द वाचायचा, मगच अर्थ लावायचा.

आधी साधा वापर. सतराव्या शतकापासून चालत आलेला, घरातला, लाडाचा शब्द आहे हा. इंग्लंडात कोणी ग्रॅन म्हणतं, कोणी नॅन, कोणी नॅना, अमेरिकेत ग्रँडमा जास्त, ज्याच्या घरी जे चालतं ते. अर्जात, फॉर्मवर, पेपरात मात्र ग्रँडमदरच लिहायचं, तिथे ग्रॅनी नको. आजीला हाक मारताना नावासारखा वापरला तर पहिलं अक्षर कॅपिटल, पण ‘माय ग्रॅनी’ लिहिलं तर स्मॉल. यावर मार्क कटतात म्हणून सांगून ठेवलं.

अन् एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपल्याकडे एसटीत अनोळखी म्हातारीला ‘ओ आजी, सरका ना जराशा’ म्हटलं तर ती सरकते, वरून कोणत्या गावचा म्हणून विचारते. इंग्रजीत अनोळखी बाईला ग्रॅनी म्हटलं की तिला म्हातारी म्हणून हिणवल्यासारखं होतं. तिथे मॅडम बरं. अमेरिकेच्या अ‍ॅपलाचिया नावाच्या डोंगराळ भागातलं काही वाचलं अन् त्यात ‘ग्रॅनी वूमन’ आली तर ती कोणाची आजी नाही, ती गावची सुईण, बाळंतपण करणारी अन् झाडपाल्याचं औषध देणारी.

आता जोडशब्द. ग्रॅनी स्मिथ म्हणजे ते हिरवंगार आंबट सफरचंद, मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये दिसतं. कच्चं आहे म्हणून परत ठेवू नका, ते पिकल्यावरही हिरवंच असतं. यात मात्र खरीखुरी म्हातारी आहे! ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया अ‍ॅन स्मिथ नावाची बाई होती, तिच्या वाडीत 1868 च्या सुमारास हे झाड आपोआप उगवलं, तिने जपलं अन् 1870 मध्ये ती वारली. नाव राहिलं.

आपल्या सगळ्यात कामाची म्हणजे ग्रॅनी नॉट. ही चुकलेली गाठ. कुटाराचं नाहीतर कापसाचं गाठोडं घाईत बांधलं, बंडीवर टाकलं अन् रस्त्यात सुटलं, तर बहुतेक हीच बसलेली असते. होते कशी, तर डावं टोक उजव्यावर घेऊन एक पीळ देतो अन् परत डावंच उजव्यावर घेतो. बरोबर करायला पहिले डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. हातात गोंधळ होत असेल तर एवढंच बघा, पहिल्यांदा जे टोक वर होतं तेच दुसऱ्यांदाही वर आलं पाहिजे. ही झाली रीफ नॉट. ओळखायची कशी? रीफ नॉट चपटी बसते अन् मोकळी टोकं दोरीला लागून सरळ पडतात, ग्रॅनीत गाठ पिळलेली दिसते अन् टोकं आडवी बाहेर येतात. बुटाच्या लेसवर लगेच कळतं, फुलाचे कान बुटावर आडवे न पडता बोटांकडे अन् टाचेकडे वळले की समजा ग्रॅनी मारली. पण रीफ नॉट गाठोड्यापुरतीच हं, दोन दोर जोडून विहिरीत बादली सोडायला किंवा बैल बांधायला ही चालत नाही, ताण आला की तीही दगा देते.

ग्रॅनी स्क्वेअर हे क्रोशाचं काम. चार साखळ्यांचं गोल करायचं, त्यात तीन खांब (म्हणजे उंच टाके) अन् दोन साखळ्या असं चारदा घ्यायचं (पहिल्या खांबाच्या जागी तीन साखळ्या), म्हणजे चार कोपरे तयार. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याच्या जागेत तीन खांब, दोन साखळ्या, परत तीन खांब, की चौकोन वाढत जातो. उरलेसुरले लोकरीचे तुकडे खपवायला यासारखं काही नाही. असे चौकोन जोडले की पलंगपोस होते. फक्त इंग्रजी पॅटर्न अमेरिकेचा आहे की ब्रिटनचा ते आधी बघा, अमेरिकेतला डबल क्रोशे म्हणजे ब्रिटनचा ट्रेबल, आपला खांब तोच. नाहीतर सगळं बुटकं होऊन बसते.

बाकीचे पटपट. ग्रॅनी गिअर म्हणजे सायकलचा किंवा ट्रकचा सगळ्यात हलका गिअर, चढावर लावायचा. ग्रॅनी ग्लासेस म्हणजे बारीक तारेच्या फ्रेमचा गोल चष्मा, सेवाग्रामला बापूंच्या फोटोत बघता तशा घाटाचा. अन् पोट्टे घरात ‘ग्रॅनी आली, ग्रॅनी आली’ ओरडत असतील तर तो 2017 चा मोबाईल गेम आहे, आवाज केला की म्हातारी मारायला धावते, लहानग्यांना रात्री दाखवूच नका.

राहिला ग्रॅनी फ्लॅट. शिकायला सिडनी-मेलबर्नला गेलेल्या पोराने फोनवर ‘ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहतो’ सांगितलं की इकडे घरचे विचारतात, कोणाच्या आजीकडे आहेस रे? कोणाच्याच नाही. मोठ्या घराच्या आवारात बांधलेलं छोटं वेगळं घर असतं ते, मूळ म्हाताऱ्या आईवडिलांसाठी, पण आता भाड्यानेही देतात. न्यू साउथ वेल्स म्हणजे सिडनीचं राज्य, तिथल्या 2009 च्या नियमात ते 60 चौरस मीटरपर्यंत बांधता येत होतं. घ्यायचं झालं तर स्वयंपाकघर, बाथरूम अन् येण्याजाण्याचं दार वेगळं आहे का ते बघा, अन् लाईटचं मीटर मालकासोबत एकच असेल तर बिल कसं वाटायचं ते ॲग्रीमेंटमध्ये लिहूनच घ्या.