कॅमेरा नंतर घ्या, आधी गाण्यांचे हक्क बघा

चर्चच्या यूट्यूब चॅनलचं काम शिकायला येणारी मुलं पहिल्यांदा कॅमेऱ्याचं विचारतात. कॅमेरा कुठलाही चालेल. 2020 च्या टाळेबंदीत मोबाइलवरून दाखवलेल्या मिस्साही (चर्चमधल्या मुख्य उपासनाही) अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी जिवाच्या ओढीने पाहिल्या. चित्र हललं तरी लोक थांबतात, आवाज फाटला की जातात. चर्चच्या माइकचा आवाज जिथे एकत्र होतो त्या मिक्सरमधून थेट वायर घ्या.

खरा सापळा गाण्यांचा. आम्हाला त्यानेच सगळ्यात जास्त छळलं, म्हणून सविस्तर सांगते. गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. आपल्या कायद्यात कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. मराठी ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये वारले, त्यांचे शब्द आज कुणीही गावेत. चाल अलीकडची असेल तर ती मात्र संगीतकाराची. आणि त्याच भजनाची नवी सीडी लावली तर ते ध्वनिमुद्रण कंपनीचं. कॉयर, म्हणजे चर्चचं गायकवृंद, विकतच्या ट्रॅकवर (तयार वाद्यसंगीतावर) गायला तरी तेच, ट्रॅक हेही ध्वनिमुद्रणच! कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात धार्मिक विधीला सूट आहे हे ऐकून निर्धास्त राहू नका. यूट्यूबची कंटेंट आयडी, म्हणजे हक्कदारांनी दिलेल्या नमुन्यांशी व्हिडिओ आपोआप ताडून बघणारी यंत्रणा, फक्त जुळणी बघते, कायदा नाही. ऐन नोव्हेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, थेट प्रक्षेपण थांबू शकतं, आणि तेव्हा कलम दाखवायला वेळ नसतो.

घाबरू मात्र नका. क्लेम म्हणजे ‘हे गाणं आमचं’ असा यूट्यूबवरचा दावा; तो स्ट्राइक, म्हणजे चॅनलवरचा हक्कभंगाचा ठपका, नव्हे. क्लेमवर हरकत घेतली की समोरच्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चॅनल जातं ते 90 दिवसांत तीन स्ट्राइक आल्यावर.

‘सगळेच टाकतात, काही होत नाही’ म्हणणाऱ्याला गुरू करू नका, मग त्याने कितीही लग्नं शूट केलेली असोत. कॉयरमास्तरांच्या शेजारी बसा. या कामाचं भविष्य मला तिथेच दिसतं. नुसती रविवारची मिस्सा आता बहुतेक ठिकाणांहून दिसते. आखातातल्या, इंग्लंडमधल्या आपल्या माणसांना हवा आहे ओळखीचा आवाज, पाच-सात मिनिटांचा, कामावर जाताना ऐकता येईल असा. गोव्यात राशोलला 1616 साली फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, छापलं गेलं, त्याच्या मराठी ओव्या सगळ्यांसाठी मोकळ्या आहेत. तुमच्या चॅपलमधल्या मुलीने त्या स्वतःच्या चालीत गाव्यात, व्हायोलिन गावातल्याच पोराने वाजवावं. असा साठा आत्तापासून जमवा.

हयात संगीतकाराची परवानगी व्हॉट्सॲपवरच्या नुसत्या ‘हो’वर सोडू नका. कागदावर गाण्याचं नाव, तारीख, सही आणि ‘थेट प्रक्षेपण व नंतर कायम ऑनलाइन’ एवढं लिहून घ्या.