भरतनाट्यम शिकताना या चुका टाळा

क्लासला वर्ष-दीड वर्ष झालं की गुडघेदुखीची तक्रार हमखास येते. मग कुणी नी-कॅप आणतं, कुणी रियाज कमी करतं. पण दुखण्याचं मूळ बऱ्याचदा अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीत असतं आणि ते तिथेच दुरुस्त करावं लागतं.

अरमंडीत टाचा जवळ असतात, गुडघे बाजूंना उघडलेले आणि पाठ ताठ. गडबड होते ती पावलं ओढूनताणून एका रेषेत आणताना. पाय वळायला हवा खुब्यातून. खुबा उघडत नसताना नुसतं पाऊल वळवलं, तर पीळ बसतो मधल्या गुडघ्याला. आरशासमोर अरमंडीत बसा आणि बघा: गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जातोय की आत पडतोय? आत पडत असेल तर पावलं थोडी कमी उघडा. मग आरशाला बाजू करून बघा. पार्श्वभाग मागे आणि छाती पुढे गेली असेल, तर थोडं वर या. वाकड्या खोल बैठकीपेक्षा उथळ पण सरळ बैठक केव्हाही बरी. खोली हळूहळू येते.

तट्ट अडवूत, म्हणजे पाय आपटायच्या मूलभूत पदन्यासात, पूर्ण तळवा एकदम पडायला हवा, एकच सपाट आवाज यायला हवा. टाच आधी आदळली की धक्का थेट वर चढतो. त्यात घरची फरशी काँक्रीटवर बसवलेली असेल तर त्रास वाढतो, म्हणून शक्य तिथे लाकडी जमीन निवडा. तिसऱ्या कालात, म्हणजे सर्वात जलद लयीत, बैठक वर येत असेल, तर दुसऱ्या कालात परत जा. घुंगरूही घाईने बांधू नका, त्यांच्या आवाजात चुकलेला ठोका लपून जातो.

नजर आरशात अडकणं ही सवय तर फार चिवट. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात स्पष्ट सांगितलंय, ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’. हात जाईल तिकडे डोळे जायला हवेत. अधूनमधून आरशाकडे पाठ करून अडवू करा.

व्हिडिओ बघून हस्तमुद्रा उचलताना तो कोणत्या शैलीचा आहे ते आधी तपासा. कथकळी आणि मोहिनीअट्टममध्ये हस्तलक्षणदीपिका हा मुद्रांचा ग्रंथ प्रमाण मानतात. तिथल्या पताकात अनामिका दुमडलेली असते, भरतनाट्यममध्ये त्याच मुद्रेला त्रिपताक म्हणतात. कथकळी नर्तक पावलांच्या बाहेरच्या कडांवर उभा राहतो, तेही इथे आणू नका.

आणि अरंगेत्रमची, म्हणजे रंगमंचावरच्या पहिल्या एकल कार्यक्रमाची घाई. या कार्यक्रमातला, अलारिप्पू या पहिल्या रचनेपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंतचा क्रम तंजावरच्या मराठा दरबारात, दुसऱ्या सरफोजीराजांच्या आश्रयाने, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी बसवला. त्याच्या मधोमध वर्णम ही सर्वात मोठी रचना येते आणि ती अर्धा-पाऊण तास चालते. त्यातल्या तीर्मानमच्या, म्हणजे बोलांवर नाचायच्या तुकड्याच्या, शेवटच्या आवर्तनातही अरमंडी टिकत नसेल, तर हॉल बुक करायच्या आधी ताईंशी मोकळेपणाने बोला, तारीख पुढे ढकला.