स्क्वॉट टाळणाऱ्यांसाठी: स्टुलापासून रॉडपर्यंत

सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड आणि शुक्रवारी पाय. आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये आठवडा असाच लागलेला असतो. मग शुक्रवारी कामावरून निघायला उशीर होतो, शनिवार तसाच जातो आणि सोमवारी पुन्हा छाती. सहा महिन्यांनी बेंच प्रेसचा आकडा दुप्पट झालेला असतो आणि वहीतलं पायांचं पान कोरं असतं.

याला आळस म्हणून सोडून देऊ नका. रोज तासभर घाम गाळणारा माणूस स्क्वॉट (वजन घेऊन खाली बसून उठणं) हा एकच व्यायाम चुकवत असेल, तर त्यामागे नेमकी अडचण असते. गुडघ्याची धास्ती, मानेवर टोचणारा रॉड, खाली बसल्यावर वर येता आलं नाही तर काय ही भीती, पहिल्या खेपेनंतर तीन दिवस जिना उतरता न येणं, किंवा शेजारचा 100 किलो मारत असताना आपण रिकामा रॉड धरण्याचा संकोच. यातली तुमची कोणती ते आधी ठरवा, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

एक बदल मात्र सगळ्यांनी करा. पाय आठवड्याच्या पहिल्या दिवशी घ्या आणि त्या दिवशी स्क्वॉट सगळ्यात आधी. दम आणि लक्ष दोन्ही ताजं असताना जड व्यायाम होतो, शेवटी ठेवला की राहून जातो.

आधी उकिडवं बसून बघा

अनवाणी, पाय खांद्यांएवढे लांब, चवडे किंचित बाहेर वळवून उकिडवं बसा. टाचा टेकलेल्या ठेवून अर्धा मिनिट बसता आलं, तर स्क्वॉटला लागणारी लवचिकता तुमच्यात आहे. टाचा उचलल्या जात असतील किंवा मागे कलंडायला होत असेल, तर दोष बहुधा घोट्यात असतो. तपासायची सोपी रीत: भिंतीसमोर एक पाय असा ठेवा की अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंमीवर येईल. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नसेल तर घोटा आखडलेला आहे. हीच हालचाल रोज दोन्ही पायांनी 12-12 वेळा करा, काही आठवड्यांत फरक पडतो. तोवर थांबायची गरज नाही. दोन्ही टाचांखाली 2.5 किलोची एकेक प्लेट ठेवा आणि सुरू करा.

मांडीचं हाड लांब असलेल्या माणसाला खाली जाताना पुढे जास्त वाकावं लागतं. ती शरीराची ठेवण आहे, चूक नव्हे. त्यामुळे दुसऱ्याचा स्क्वॉट बघून आपली पाठ त्याच्याएवढी ताठ करायला जाऊ नका.

बुटांकडेही बघा. पळण्याचे मऊ, फुगीर तळव्यांचे बूट वजनाखाली दबतात आणि पाऊल डगमगतं. सपाट, कडक तळव्याचे साधे कॅनव्हास बूट चांगले, किंवा जिममध्ये चालत असेल तर अनवाणी.

पहिले दोन आठवडे: स्टूल, मग डंबेल

गुडघ्याइतक्या उंचीचं स्टूल मागे ठेवा. बसा, पण वजन सोडून देऊ नका. ढुंगण स्टुलाला टेकलं की लगेच उठा. असं 8 वेळा केलं की एक सेट, असे 3 सेट. स्टूल असल्यामुळे मागे पडायची भीती जाते आणि किती खाली जायचं हे दर वेळी सारखं राहतं. हे सोपं वाटायला लागलं की कमी उंचीचं काहीतरी घ्या, शेवटी दोन पाट एकावर एक ठेवले तरी चालतील.

नंतर डंबेल उभा करून दोन्ही तळव्यांत वरच्या टोकाला धरा आणि छातीशी घट्ट घ्या. याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. पुढे धरलेलं वजन तोल सांभाळतं, म्हणून नुसत्या अंगानं बसताना मागे कलंडणारा माणूसही यात बऱ्याचदा व्यवस्थित खाली जातो. 5 किंवा 8 किलोपासून सुरू करा. घरी करत असाल तर 5 किलो तांदळाची पिशवी किंवा 5 लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन पुरतो. 16 ते 20 किलोनं 10 वेळा, 3 सेट स्वच्छ निघाले की रॉडखाली जायला तुम्ही तयार आहात. हलक्या बांध्याच्या माणसाला 10-12 किलोही पुरे.

पहिल्या दिवशी फक्त 2 सेट मारा, अंगात जोर शिल्लक असला तरी. सवय नसलेल्या मांड्या वजन सावकाश खाली सोडताना ताणल्या जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात. पहिल्याच दिवशी हौसेनं 6 सेट मारणारा पुढचा आठवडा रजेवर जातो, आणि तिथेच स्क्वॉटशी त्याचं वाकडं येतं. पाय भरून आले असतील तर चाला, हलक्या बैठका मारा, आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा कमी वजनानं या. दुसऱ्या खेपेला त्याच कामानं बरंच कमी दुखतं.

गुडघ्याबद्दल

‘गुडघा अंगठ्याच्या पुढे जाता कामा नये’ हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. तालमीतली बैठक आठवा: टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर आणि गुडघे अंगठ्यांच्या खूप पुढे. जिना उतरतानाही गुडघा पुढे जातोच. तो मुद्दाम मागे रोखून धरला की अंग पुढे झुकतं आणि गुडघ्याचा वाचलेला भार कमरेवर आणि खुब्यांवर पडतो. जपायच्या गोष्टी तीन: गुडघा पावलाच्या दिशेनं जावा, टाच टेकलेली राहावी आणि वजन हळूहळू वाढावं.

उठताना गुडघे आत जुळत असतील तर वजन झेपण्यापलीकडे आहे किंवा पावलं फार जवळ आहेत. वजन 10-20 टक्के उतरवा आणि उठताना ‘पायांनी जमीन दोन्हीकडे फाडायची’ असा जोर लावा.

मांडीत जळजळ होणं आणि गुडघ्याच्या सांध्यात कळ येणं यात फरक करा. सांध्यात तीव्र कळ येत असेल, गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत किंवा निसटल्यासारखा होत असेल, तर स्क्वॉट थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब वाढलेला असणं, हर्निया, गरोदरपण किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल तर आधी विचारून मगच वजन उचला, कारण जड स्क्वॉटमध्ये श्वास कोंडून धरावा लागतो आणि त्या क्षणी रक्तदाब बराच चढतो.

रॉडखाली

ऑलिंपिक रॉड 20 किलोचा असतो, महिलांसाठीचा 15 किलोचा. गल्लीतल्या जिममधला बारीक रॉड बऱ्याचदा 7 ते 10 किलोचाच असतो. वजनकाट्यावर एकदा ठेवून खात्री करा, नाहीतर वहीतले सगळे आकडे चुकतात.

रॉड टेकवायचे स्टँडचे हूक छातीच्या मध्याइतक्या उंचीवर लावा. रॉड उचलताना चवड्यांवर उभं राहावं लागलं तर तो उंच आहे, आणि सेट संपल्यावर थकलेल्या पायांनी तो परत ठेवता येणार नाही.

हात रॉडवर दोन्हीकडे सारख्या अंतरावर धरून त्याच्याखाली शिरा आणि खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढा. तसं केलं की मानेखाली मांसाची गादी तयार होते. रॉड त्या गादीवर ठेवा. मानेच्या मुळाशी हाताला लागणारं हाड रॉडच्या वर राहायला हवं. ‘मानेला टोचतं’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा रॉड त्या हाडावरच बसलेला असतो, आणि त्यावर फोमची नळी चढवून प्रश्न सुटत नाही, उलट रॉड घसरतो.

दोन्ही पाय रॉडखाली घेऊन उभे राहा, मग दोन-तीन छोट्या पावलांत मागे या. पोटात श्वास भरा. कमरेला घट्ट दोरी बांधली आहे आणि ती चहूबाजूंनी ताणायची आहे, असं पोट फुगवून कडक करा. गुडघे आणि कंबर एकाच वेळी वाकवत खाली जा. जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेली की पूर्ण खोली झाली. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेतही हाच निकष असतो. मग टाच आणि चवडा दोन्ही रोवून उठा, सगळ्यात कठीण टप्पा पार झाला की श्वास सोडा.

दोन चुका सारख्या दिसतात. पहिली, उठताना ढुंगण आधी वर जातं आणि छाती खालीच राहते. अशा वेळी उठताना छातीबरोबर रॉड वर ढकलायचा असं मनात धरा. तरी सुटलं नाही तर वजन जास्त आहे. दुसरी, तळाशी कंबर गोल होऊन आत वळते. किंचित वळली तर घाबरू नका, पण स्पष्ट दिसत असेल तर त्याच्या दोन बोटं आधी थांबा आणि घोट्याचा व्यायाम चालू ठेवा. दोन्ही चुका आरशात कळत नाहीत. मोबाईल कमरेच्या उंचीवर, बाजूनं थोडा मागे ठेवून शेवटच्या सेटचा व्हिडिओ घ्या.

अडकायचा सराव करा

खाली अडकू ही भीती बोलून जात नाही, अडकून बघितल्यावर जाते. स्टँडच्या आडव्या सुरक्षा-दांड्या तुमच्या सगळ्यात खालच्या स्थितीत रॉड जिथे येतो त्याच्या 3-4 सेंमी खाली लावा. रिकामा रॉड घेऊन खाली जा, आणखी थोडं बसून तो दांड्यांवर टेकवा आणि पुढे सरकत खालून बाहेर या. असं तीन-चारदा करा. पुढे 80 किलो असतानाही नेमकं हेच करायचं असतं.

दांड्या नसतील तर सपोर्टला माणूस हवा. तो मागे उभा राहून तुमच्या काखेखालून छातीला आधार देतो आणि तुमच्याबरोबर खाली-वर होतो. नुसता रॉड ओढणारा सपोर्ट तुम्हाला पुढे ढकलतो. माणूसही नसेल तर निदान दोन रेप्स (एकदा खाली जाऊन उठलं की एक रेप) अंगात शिल्लक असतानाच सेट थांबवा.

आणि एक: प्लेट उतरवताना एका बाजूच्या सगळ्या एकदम काढू नका. रॉड दुसऱ्या बाजूला उलटतो आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या पायावर येतो. एक इकडची, एक तिकडची.

वजन कसं वाढवायचं

रिकाम्या रॉडनं सुरुवात करा, 5 रेप्सचे 3 सेट, आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस सोडून. पंधराही रेप्स स्वच्छ निघाल्या की पुढच्या वेळी 2.5 किलो वाढवा, म्हणजे दोन्हीकडे 1.25. 20 किलोपासून निघालेला माणूस चार आठवड्यांच्या बाराव्या दिवशी 47.5 किलोवर असतो. रिकाम्या रॉडची लाज वाटणाऱ्यांनी हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. तो रिकामा रॉड हातात जेमतेम पहिल्या दिवसापुरता राहतो.

1.25 ची प्लेट सगळीकडे नसते. मग वजन तेच ठेवून रेप्स वाढवा: 5, पुढच्या वेळी 6, मग 7, मग 8. तिन्ही सेटमध्ये 8 झाल्या की 5 किलो चढवून पुन्हा 5 वर या. मनगटाला बांधायचे अर्धा-अर्धा किलोचे वजनपट्टेही रॉडच्या दोन टोकांना गुंडाळता येतात. हलक्या बांध्याच्या माणसांना आणि साठीपुढच्यांना 1 किलोचीच वाढ योग्य पडते.

मुख्य सेटआधी अंग गरम करा. 60 किलो मारायचे असतील तर रिकामा रॉड 5 रेप्स दोनदा, 35 किलो 5, 45 किलो 3, 55 किलो 1, मग 60. दोन मुख्य सेटच्या मध्ये तीन ते पाच मिनिटं थांबा. एका मिनिटात पुढचा सेट मारणाऱ्याचा दम अपुरा पडतो, आणि ताकद कमी आहे असा त्याचा समज होतो.

बैठका मारत असाल तर चालू ठेवा, फक्त त्यांचं काम वेगळं आहे. 20 वरून 200 वर गेलात तर दम आणि चिवटपणा वाढतो, पण वजन तुमच्या अंगाचंच राहतं.

दोन-तीन महिन्यांत वाढ अडते. एकाच वजनावर लागोपाठ तीन वेळा रेप्स अपुऱ्या राहिल्या तर 10 टक्के उतरवा आणि पुन्हा चढत या. 80 वर अडलात तर 72.5 वर. दुसऱ्यांदा तिथेच अडलात तर वाढ दर खेपेऐवजी आठवड्यातून एकदा करा आणि तीनपैकी मधला दिवस हलका, 80 टक्के वजनाचा ठेवा. पण त्याआधी ताट आणि झोप तपासा. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1.6 ग्राम प्रथिनं लागतात, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 100 ग्रामच्या आसपास. दोन अंड्यांत 12, 100 ग्राम पनीरमध्ये साधारण 18, वाटीभर शिजलेल्या डाळीत 6-7. नुसत्या डाळ-भातावर 100 गाठता येत नाही, त्यात अंडी, दूध-दही, पनीर, सोयाबीन, मासे किंवा चिकन यांतलं काहीतरी रोज घालावं लागतं.

वहीत दर वेळी चार गोष्टी लिहा: तारीख, वजन, रेप्स आणि शेवटच्या सेटनंतर आणखी किती निघाल्या असत्या तो आकडा. तो आकडा 3 वरून 2, मग 1, मग 0 असा उतरत चालला की वाढ अडायला आली आहे हे दोन आठवडे आधीच कळतं, आणि वजन कधी उतरवायचं ते तेव्हाच ठरवता येतं.