'गोळाफेक' या शब्दाने मला गंडवलं

प्राथमिक शाळेत खेळाचा तास वाट्याला आला की आठवडाभरातच कोणीतरी विचारतं, "गुरुजी, गोळा कधी?" कपाटात एक गोळा असतोच. गंजलेला, चार किलोचा, कुठल्या तरी हायस्कूलकडून आलेला. त्याला हात लावू नका. चार किलो म्हणजे महिलांच्या खुल्या गटाचं वजन!

एवढं मला कळत होतं. म्हणून जुन्या पायमोज्यांत वाळू भरून अर्ध्या किलोचे गोळे केले, आणि तरीही फसलो. गोळाफेक म्हटलं, पोरांनी फेकला. सीमारेषेवरून चेंडू फेकावा तसा, कोपर खाली, हात खांद्यामागे. लांब जायचा, मी टाळ्या वाजवायचो. तालुक्याला माझ्या चौथीतल्या मुलीचा गोळा सगळ्यांच्या पुढे पडला आणि पंचांनी लाल झेंडा वर केला. दुसऱ्यांदा लाल. तिसऱ्यांदाही लाल. परतताना टमटममध्ये ती कोपर दाबत बसली होती. "माझं काय चुकलं?" म्हणाली. मी म्हणालो, "पंच कडक होते." ते वाक्य अजून टोचतं.

गोळा फेकायचा नसतोच, ढकलायचा असतो. नियमच तसा आहे: एकच हात, गोळा मानेला किंवा हनुवटीला टेकलेला नाहीतर अगदी जवळ. तिथून हात खाली येता कामा नये, गोळा खांद्याच्या रेषेमागे जाता कामा नये. पण नियम वाचून दाखवून चौथीतल्या पोराला काही कळत नाही. मी आता विचारतो, "बंद पडलेली टमटम कशी ढकलता?" सगळे गुडघे वाकवतात, कोपर आपोआप हाताच्या मागे येतो, जोर पायांतून लागतो. मग गोळ्याला खडूची भुकटी चोळायची. टाकून झाला की तपासणी: मानेवर पांढरा डाग हवा, तळहाताचा मध्य कोरा हवा, कारण गोळा बोटांच्या मुळाशी बसतो. मान कोरी निघाली की बाकीचे ओरडतात, "फेकला, फेकला!" आमच्याकडे ही आता शिवी आहे.

ढकलायला लागले की सुरुवातीला अंतर निम्म्यावर येतं. घाबरू नका. दोन महिने टेप बाहेरच काढू नका.

यूट्यूबवरची गिरकी दाखवू नका, उभ्याने ढकलणं वर्षभर पुरतं. आणि "पोरं फेकत फेकतच शिकतात" म्हणणारे एक ज्येष्ठ सर प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांना चहा पाजा, ऐकू नका.

भाला त्याच दिवशी घेऊ नका. तिथे खरंच फेकायचं असतं, पोरं गोंधळतात. टोकियोत 2021 मध्ये नीरज चोप्राचा भाला 87.58 मीटरवर पडला, तेव्हापासून आमच्याकडे तुराट्यांची धडगत नाही. टोकदार काहीही नको, वर्तमानपत्राची घट्ट सुरळी द्या. सगळ्यांचं टाकून झालं, शिट्टी वाजली, की मगच चालत जाऊन आणायचं. यात एकदाही सूट नाही.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 16.32 मीटरवर गोळा टाकून रौप्यपदक आणलं. ते अंतर मैदानावर मोजलं तेव्हा वर्गाच्या पायरीपासून पार हापशापर्यंत गेलं. पोरांनी तिथे विटकरीने रेघ ओढली. त्यांचे गोळे अजून तिसऱ्या-चौथ्या मीटरवर पडतात. पावसाने रेघ पुसली की कोणीतरी पुन्हा ओढून ठेवतं.