चार वर्षांच्या मुलाचा रोजचा स्वेटर

मूल स्वेटर आपणहून घालतं की नाही, हे गळ्यावर ठरतं. माझ्या नातवाची छाती २२ इंच आहे आणि डोक्याचा घेर २० इंच. मोठ्या माणसाच्या मापात असं कधी नसतं, म्हणून मोठ्यांच्या स्वेटरसारखा नुसता आकाराने लहान केलेला गळा मुलाला चालत नाही. डोकं मध्येच अडकतं, कान दुमडतात, डोळ्यांपुढे अंधार होतो आणि ते घाबरून हात झाडायला लागतं. दुसऱ्या दिवशी स्वेटर हातात घेतलेला दिसला की पळून जातं. मग वीण कितीही सुरेख असली तरी स्वेटर कपाटात राहतो.

आम्ही निफाडजवळ राहतो. इथे जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, द्राक्षाच्या बागांमधून शेकोट्या पेटवाव्या लागतात. सकाळी बालवाडीच्या रिक्षात बसणाऱ्या मुलाला स्वेटर रोज लागतो, आणि दुपारी ऊन तापलं की त्याला तो स्वतः काढताही आला पाहिजे. थंडीत तिबेटी विक्रेत्यांकडे लुधियानाचे छान स्वेटर मिळतात, स्वस्तही पडतात. पण त्यांची बाही वाढवता येत नाही. आपल्या हातच्या स्वेटरची येते, आणि मुलाच्या स्वेटरला सगळ्यात आधी आखूड पडते ती बाहीच.

म्हणून मी सांगते तो स्वेटर असा: पाठ आणि पुढचा भाग सरळ चौकोनी, मुंढा (बगलेची गोलाई) अजिबात घटवायचा नाही, डाव्या खांद्यावर बटणं, आणि बाही खांद्याकडून मनगटाकडे विणलेली. सुलट, उलट, दोन टाके एकत्र आणि टाके बंद करणं एवढं येत असेल तर पुरे.

लोकर मध्यम जाडीची, चार पदरी घ्या. या मापाला साधारण २०० ग्रॅम लागते, मी २५० घेते. सगळी लोकर एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली हवी. वेष्टनावर लॉट नंबर छापलेला असतो, तो दुकानातच ताडून बघा. घरच्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही, उन्हात गेल्यावर बाही वेगळी दिसते. रोजच्या वापराला ॲक्रिलिक लोकर चांगली, धुवायला सोपी. फार केसाळ लोकर लहान मुलाला नको, ते केस नाकातोंडात जातात. घेण्याआधी लोकरीचा गुंडा स्वतःच्या हनुवटीखाली मिनिटभर घासून बघा. तिथे आपल्याला टोचलं तर मुलाला नक्कीच टोचणार.

एवढ्याशिवाय ५० ग्रॅम दुसऱ्या रंगाची घ्या. सगळ्या बॉर्डरी आणि गळपट्टी त्या रंगाची करायची. का ते शेवटी सांगते.

सुया दोन जोड्या: अंगासाठी ८ नंबर, बॉर्डरसाठी १० नंबर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. नव्या सुयांवर मिलिमीटर लिहिलेले असतात, तेव्हा ८ म्हणजे ४ मि.मी. आणि १० म्हणजे सव्वातीन. गोल सुया लागत नाहीत, सगळं सरळ सुयांवर होतं.

आता नमुना. हा टाळू नका. ८ नंबरवर ३० टाके घाला, एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं चार-पाच इंच विणा, सपाट ठेवा आणि न ताणता मधल्या भागात मोजा. माझ्या हाताने इंचाला साडेपाच टाके आणि ७ ओळी येतात. पुढचे सगळे आकडे त्याच हिशेबाने आहेत. तुमचा हात घट्ट असेल आणि इंचाला ६ टाके येत असतील, तर याच आकड्यांवर अख्खा स्वेटर घेरात दोन इंच कमी भरेल. तसं झालं तर हात सैल करायचा प्रयत्न करू नका, तो पुन्हा घट्ट होतोच. त्याऐवजी सुई एका नंबरने जाड घ्या.

माप मुलाच्या अंगावर, सदरा घातलेला असताना घ्या. छातीत ४ इंच मिळवा, म्हणजे २२ चे २६ झाले. त्याचे निम्मे १३ इंच. १३ गुणिले साडेपाच म्हणजे ७२ टाके, आणि शिवणीत जाणारे दोन, असे ७४. दुसऱ्या वयाच्या मुलासाठीही हाच हिशेब करा. वयावरून माप धरू नका, एका वयाची दोन मुलं कधी सारखी नसतात.

पाठ आधी विणायची. दुसऱ्या रंगाने ७४ टाके घाला. टाके ८ नंबरच्या सुईवर घालायचे आणि पहिली ओळ १० नंबरने विणायची, म्हणजे खालची कड सैल राहते आणि ओढताना तुटत नाही. एक टाका सुलट, एक टाका उलट अशी दोन इंच बॉर्डर करा. मग मुख्य रंग आणि ८ नंबर, एक ओळ सुलट, एक ओळ उलट.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच जणींना ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलायची सवय असते. मफलरला त्याने कड सुरेख येते. पण या स्वेटरच्या कडेतून आपल्याला बाहीचे टाके काढायचे आहेत. उचललेल्या टाक्यांची कड लांबट होते, तिथून टाके काढले की भोकं दिसतात. तेव्हा पहिला टाकाही विणा.

बॉर्डर धरून एकूण ९ इंच झाले की दोन्ही कडांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारा. इथून बाही सुरू होणार. टाके कमी करायचे नाहीत, सरळ विणत राहा. एकूण १५ इंच झाले की ओळी मोजून कागदावर लिहा. टेप दोन वेळा दोन मापं दाखवतो, ओळी तसं करत नाहीत.

आता सुलट बाजूच्या ओळीत पहिले २१ टाके एका दोऱ्यावर काढून ठेवा, हा उजवा खांदा. मधले ३२ दुसऱ्या दोऱ्यावर, हा मागचा गळा. उरलेले २१ म्हणजे डावा खांदा. त्यावर दुसऱ्या रंगाने, १० नंबरवर सहा ओळी एक सुलट एक उलट विणून टाके बंद करा. ही बटणांची खालची पट्टी झाली.

पुढचा भागही तसाच, ७४ टाके, तीच बॉर्डर, ९ इंचांवर त्याच खुणा. फक्त गळा लवकर सुरू करायचा, एकूण १२ इंचांवर. पाठीच्या लिहून ठेवलेल्या ओळींतून २२ वजा करा, तितक्या झाल्या की थांबा. २९ टाके विणा, मधले १६ दोऱ्यावर काढा, पलीकडचे २९ तसेच सुईवर राहू द्या. एका वेळी एकच बाजू विणायची. गळ्याच्या कडेला, एक ओळ सोडून एक, दोन टाके एकत्र विणत आठ वेळा एकेक टाका कमी करा. सोळा ओळींत २९ चे २१ होतात. राहिल्या सहा ओळी. उजव्या खांद्यावर त्या सरळ विणा आणि टाके दोऱ्यावर ठेवा. डाव्या खांद्यावर त्याच सहा ओळी दुसऱ्या रंगाने, १० नंबरवर एक सुलट एक उलट करायच्या. त्यातल्या तिसऱ्या ओळीत दोन काजं: दोरा सुईवरून पुढे घ्यायचा आणि लगेच दोन टाके एकत्र विणायचे. तेवढ्याने बारीक बटण जाईल असं भोक पडतं. एक काज बाहीच्या कडेपासून सहा टाक्यांवर, दुसरं चौदा टाक्यांवर. मग टाके बंद.

डावा खांदा कुठला यात गोंधळ होतो. पुढचा भाग सुलट बाजूने आपल्याकडे धरला, की मुलाचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो. पाठ तशीच धरली, तर तो आपल्या डाव्या हाताला. सुरू करण्याआधी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून बघाच.

उजवा खांदा शिवायचा नाही, विणून जोडायचा. दोन्हींचे २१-२१ टाके दोन सुयांवर घ्या, सुलट बाजू आतमध्ये समोरासमोर. तिसऱ्या सुईने पुढचा एक आणि मागचा एक असे दोन टाके एकत्र विणत जा आणि बरोबरच बंद करत जा. ही जोड सपाट बसते, खांद्यावर टोचत नाही.

आता गळपट्टी. डावा खांदा उघडा असल्यामुळे ती सरळ सुयांवर करता येते. दुसरा रंग, १० नंबर. सुलट बाजूने, पुढच्या डाव्या खांद्याच्या टोकापासून सुरुवात करा. गळ्याच्या उतारावरून १७ टाके काढा, मधले १६ दोऱ्यावरून घ्या, दुसऱ्या उतारावरून १७, मागचे ३२ आणि मागच्या पट्टीच्या कडेतून ५. एकूण ८७. एक सुलट एक उलट अशा सहा ओळी, आणि तिसऱ्या ओळीत पुढच्या टोकापासून तीन टाक्यांवर तिसरं काज. टाके बंद करताना उजव्या हातात ८ नंबरची सुई घ्या. सगळ्या स्वेटरमध्ये सैल हात हवा तो इथे. कड घट्ट झाली तर उसवून पुन्हा बंद करा, दहा मिनिटांचं काम आहे. बंद केल्यावर बटणं न लावता गळा मुलाच्या डोक्यावरून घालून बघा. कान न दुमडता गेला पाहिजे.

बाहीसाठी डाव्या खांद्याच्या दोन पट्ट्या एकमेकांवर ठेवा, पुढची वर, मागची खाली, आणि बाहीच्या कडेला चार टाके घालून पक्क्या करा. मग सुलट बाजूने, मुख्य रंगाने, ८ नंबरवर, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत ६६ टाके काढा, पुढून ३३, मागून ३३. चार ओळींतून तीन टाके या बेताने जा, अधूनमधून एखादा जास्त घ्यावा लागतो. पट्ट्यांपाशी सुई दोन्ही थरांतून घाला.

बाहीची लांबी बगलेपासून मोजू नका. मुंढा घटवला नसल्याने खांदा दंडावर उतरतो. मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंत, कोपर थोडा वाकवून मोजा. नातवाचं माप १८ इंच आलं. त्यातून पाठीच्या रुंदीचे निम्मे साडेसहा वजा केले की राहिले साडेअकरा. त्यातले दोन इंच बॉर्डरचे. चार ओळी सरळ विणा, मग दर चौथ्या ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करा, चौदा वेळा. ६६ चे ३८ राहतात. साडेनऊ इंच होईपर्यंत सरळ विणा, पुढे दुसऱ्या रंगाने, १० नंबरवर दोन इंच बॉर्डर. टाके पुन्हा सैल हाताने बंद. दुसरी बाही तशीच.

बाहीच्या टोकापासून बगलेपर्यंत आणि तिथून खालपर्यंत एकाच दोऱ्याने शिवा. सुलट बाजू वर ठेवून, कडेच्या टाक्याच्या आतला आडवा धागा एकदा इकडचा, एकदा तिकडचा असा उचलत जायचं. बटणं चपटी घ्या, काजातून जातील पण लहान बोटांतून निसटणार नाहीत इतपत. काजांच्या समोर, खालच्या पट्टीवर दुहेरी दोऱ्याने लावा आणि जोर लावून ओढून बघा. मुलं बटण चावतात, ढिलं राहता कामा नये. दोऱ्यांची टोकं निदान दोन इंच आत ओवा. कापून गाठ मारली तर ती नेमकी मनगटावर घासते.

धुताना कोमट पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि खाटेवर पसरून वाळवायचं. दोरीवर टांगला की ओल्या वजनाने लांबतो. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, वीण कायमची लोळते.

आणि दुसऱ्या रंगाचं कारण. पुढच्या थंडीत बाही आखूड होईल. ती वरून खाली विणली असल्याने बंद केलेलं टोक मनगटाशी आहे आणि तिथून ती सरळ उसवते. बॉर्डर उसवा, ३८ टाके ८ नंबरच्या सुईवर घ्या, मुख्य रंगाने दीड इंच वाढवा आणि बॉर्डर पुन्हा करा. वर्षभर धुतलेला मुख्य रंग आणि डब्यातली कोरी लोकर यांत फरक दिसत असेल, तर तो दीड इंच दुसऱ्या रंगाचा पट्टा म्हणून विणा. बॉर्डर त्याच रंगाची असल्यामुळे तो मुळातलाच वाटतो. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून, भिजवून, खाली थोडं वजन अडकवून टांगली की वाळेपर्यंत सरळ होते. उरलेली लोकर आणि माप लिहिलेला कागद एकाच पिशवीत ठेवा.